ऐकलेला तुकाराम, पाहिलेला तुकाराम
कोल्हापूरच्या चित्रकार-दिग्दर्शकांची नजर

मराठी माणसाने ‘संत तुकाराम’ हा चित्रपट पाहिला त्याहून जास्त ऐकला आहे. आधी तबकड्यांवर, मग रेडिओवर, नंतर कॅसेटवर विष्णुपंत पागनीसांचा आवाज घराघरांत पोचला. एखाद्या जाणत्या प्रेक्षकाला या चित्रपटातले काय आठवते असे विचारले, तर तो एखादा अभंग गुणगुणतो किंवा जिजाईचे एखादे फटकळ वाक्य तिच्याच ठसक्यात म्हणून दाखवतो. पण त्यालाच विचारावे, की तुकारामाच्या घरात उजेड कोणत्या बाजूने येतो? तुकाराम आणि जिजाई एका चौकटीत असतात तेव्हा कोण स्थिर असते आणि कोण हलत असते? बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

यात प्रेक्षकाचा दोष थोडा आणि परंपरेचा जास्त आहे. आपल्या चित्रपटाला घडवले संगीत नाटकाने, कीर्तनाने आणि कादंबरीने. साहजिकच आपली चित्रपटसमीक्षाही नाटकाचे कान आणि कादंबरीची बुद्धी घेऊन आली. कथा कशी आहे, संवाद कसे आहेत, अभिनय कसा झाला, गाणी कशी जमली, या क्रमाने ती चालते आणि शेवटी ‘छायाचित्रणही उत्तम’ अशी एक ओळ टाकून मोकळी होते. अरुण खोपकरांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’सारखी पुस्तके या रीतीला अपवाद ठरली. पण ते अपवादच राहिले.

गंमत अशी, की जो चित्रपट आपण इतकी वर्षे ऐकत आलो, तो करणारी माणसे मुळात चित्रकलेतून आलेली होती. दामले-फत्तेलाल ही जोडी ज्या कोल्हापुरी परंपरेतून आली, तिची सुरुवात कुंचल्यापासून झाली होती. नाटकाचा रंगवलेला पडदा ते सिनेमाचा पांढरा पडदा हा तिचा प्रवास समजून घेतला, तर ‘संत तुकाराम’ नव्याने पाहता येतो. तो प्रवास मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

रंगवलेला पडदा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत संगीत नाटक भरात होते आणि नाटक कंपन्यांमध्ये पडद्यांची चुरस होती. राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीकाठ असे दृश्यागणिक पडदे लागत. प्रेक्षक गाण्यासाठी येत तसेच नवा पडदा पाहायलाही येत. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात चित्रकलेला आश्रय होता. आबालाल रहिमान यांच्यासारखा निसर्गचित्रकार त्या नगरीत काम करत होता. तिथेच आनंदराव आणि बाबूराव हे दोन मेस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवत होते. ते सख्खे नव्हते, नात्याने भाऊ लागत. लोकांनी त्यांचे आडनावच ‘पेंटर’ करून टाकले.

नाटकाचा पडदा रंगवणे म्हणजे यथार्थदर्शनाचा हिशेब. सपाट कापडावर लांबच लांब दालन दाखवायचे, तर खांब मागे जातील तसे लहान करत न्यावे लागतात आणि सगळ्या रेषा एका बिंदूकडे धावतात. हे चित्र संपूर्ण खरे वाटते ते एकाच जागेवरून, मधल्या खुर्चीवरून. कडेच्या प्रेक्षकाला दालन तिरके दिसते. त्याहून मोठी अडचण नटाची. तो पडद्याजवळ गेला, की रंगवलेल्या दरवाजापेक्षा उंच दिसू लागतो. नाटकाचा प्रेक्षक ही विसंगती हसतमुखाने सोडून देतो, कारण गाणे चालू असते.

कॅमेरा ती सोडत नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. तो पाहून पेंटर बंधूंना चलच्चित्राचे वेड लागले. फाळक्यांच्या त्या चित्रात खुल्या निसर्गातली दृश्ये जिवंत वाटतात आणि दालनातली दृश्ये मात्र रंगवलेल्या पडद्यापुढे उभी राहिल्यासारखी दिसतात. पडदे रंगवण्यात ज्यांचे आयुष्य जात होते, त्यांना ती खोट सर्वांत आधी दिसली असेल तर नवल नाही. आनंदराव १९१६ साली अकाली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने स्वतःचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

कापडी भिंतीकडून खऱ्या भिंतीकडे

बाबूराव पेंटरांनी केलेली क्रांती एका वाक्यात सांगायची तर अशी : रंगवलेल्या पडद्याच्या जागी त्यांनी खोली असलेले नेपथ्य उभे केले. भिंतीला जाडी आली, दाराला उंबरठा आला, खांबाला मागची बाजू आली. हा बदल दिसायला सुतारकामाचा वाटतो, पण त्याने अभिनयही बदलला. सपाट पडद्यापुढचा नट डावी-उजवीकडेच हलू शकतो. खऱ्या दालनात तो आतून बाहेर येऊ शकतो, खांबाआड जाऊ शकतो. पुढे एक माणूस आणि मागे दुसरा अशी मांडणी करता येते. चौकटीला पुढचे आणि मागचे असे थर मिळतात आणि त्या थरांतून नातेसंबंध दाखवता येतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. मूकपटांचे चित्रण मुख्यतः सूर्यप्रकाशात होई. वर पांढरे कापड ताणून ऊन मवाळ करायचे आणि परावर्तकांनी ते हवे तिकडे वळवायचे. यात सगळे स्वच्छ दिसते, पण सगळे सारखेच दिसते. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. दिवा आला की सावलीही दिग्दर्शकाच्या ताब्यात येते. काय दाखवायचे याबरोबरच काय अंधारात ठेवायचे हेही ठरवता येते.

या दोन्ही गोष्टींचे फळ म्हणजे १९२५ सालचा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपट्यांची कथा होती, आणि सावकाराच्या पाशात जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, होते. पुराणकथांच्या झगमगाटाची सवय असलेल्या प्रेक्षकांपुढे बाबूरावांनी दारिद्र्य ठेवले. जे. बी. एच. वाडियांनी या चित्राची एक आठवण नोंदवून ठेवली आहे : दुरून टिपलेली, जवळजवळ अंधारात बुडालेली भकास झोपडी आणि तिथे विव्हळणारे एक कुत्रे. माणूस नाही, संवाद नाही. मूकपट असल्याने कुत्र्याचा आवाजही नाही. तरीही अनेक वर्षांनी आठवावे असे ते दृश्य होते. मोकळ्या जागेवर आणि अंधारावर एवढा विश्वास टाकायला चित्रकाराचीच नजर लागते.

रंगावाचून रंग

इथे एका तांत्रिक गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे, कारण तिच्यावाचून या दिग्दर्शकांचे कसब नीट कळत नाही. मूकपटांच्या काळात सर्रास वापरली जाणारी फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. निळा रंग तिला फार लवकर कळे. परिणामी निळे आकाश पडद्यावर पांढरेफटक येई आणि लाल वस्तू काळी होऊन येई. ओठ काळे पडत, तांबूस कातडी मळकट दिसे, म्हणून नटांना फिकट रंग फासावा लागे. शेंदूर, कुंकू, लाल काठ हे आपल्या डोळ्यांना सर्वांत आधी दिसणारे रंग चित्रात सर्वांत गडद ठरत.

म्हणजे नेपथ्यकाराला दुहेरी नजर ठेवावी लागे. समोर रंगीत जग आणि डोक्यात त्याचे करडे रूप. हिरवी साडी आणि तपकिरी भिंत डोळ्यांना वेगळी दिसते, पण पडद्यावर दोन्ही एकाच छटेच्या होऊन नटी भिंतीत विरघळू शकते. कोळशाने रेखाटने केलेल्या, छायाप्रकाशाचे धडे गिरवलेल्या माणसाला हे भाषांतर सहज जमते. तिसऱ्या दशकात सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म रुळली आणि अडचण सौम्य झाली, पण रंगाऐवजी छटेत विचार करण्याची सवय टिकली. प्रभातच्या कृष्णधवल चित्रांत माणसे पार्श्वभूमीपासून सुटून दिसतात, त्यामागे ही तालीम आहे.

प्रभात : दोन नजरा

१ जून १९२९ रोजी शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. १९३३ साली कंपनी पुण्याला आली. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले होते. पण एकाच गुरूच्या या शिष्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या.

शांतारामांना कॅमेरा धीट हवा असे. ‘सैरंध्री’च्या रंगीत आवृत्तीच्या कामासाठी ते जर्मनीला गेले, तिथले स्टुडिओ आणि तिथली तंत्रे त्यांनी जवळून पाहिली. परतल्यावर केलेल्या ‘अमृतमंथन’च्या (१९३४) हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांचा डोळा दूरदर्शी भिंगाने टिपून त्यांनी अख्ख्या पडद्यावर ठेवला. धर्मसत्तेची दहशत सांगायला त्यांना भाषण लागले नाही. माणसाचा एक अवयव इतका मोठा केला, की पाहणाराच लहान झाला.

‘कुंकू’मध्ये (१९३७) हीच नजर घराच्या आत वळली. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांतारामांनी या चित्रात पार्श्वसंगीत वापरले नाही, आवाज ठेवले ते घरातले आणि रस्त्यावरचे. कानाला मिळणारा आधार काढून घेतल्यावर घरातल्या वस्तूच बोलू लागतात. भिंतीवरचे घड्याळ आणि आरसा यांना त्या घरात जवळजवळ पात्रांचे स्थान आहे. वय लपवू पाहणाऱ्या माणसाच्या घरात वेळ मोजणारी आणि खरे रूप दाखवणारी वस्तू असावी, ही निवड लेखकाइतकीच चित्रकाराचीही आहे. आणि ज्या कुंकवावरून सगळा झगडा, ते कृष्णधवल चित्रात लाल नसतेच. कपाळावर एक गडद ठिपका दिसतो, एवढेच. लालीचे मंगलपण गळून गेलेले ते कुंकू एखाद्या शिक्क्यासारखे दिसते. दिग्दर्शकाने हे मुद्दाम योजले असेल-नसेल, पण पाहणाऱ्याला ते दिसल्यावाचून राहत नाही.

दामले-फत्तेलालांचा कॅमेरा शांतारामांच्या कॅमेऱ्यापुढे साधा वाटतो. तो बहुतेक वेळ समोर उभा असतो आणि फार चमत्कारिक कोन घेत नाही. म्हणूनच त्यांच्या दृश्यकलेबद्दल कमी बोलले गेले. पण साधेपणा हा त्यांचा निर्णय होता, आणि तो कशासाठी होता हे ‘संत तुकाराम’मध्ये दिसते.

दर्शन आणि संसार

१९३६ साली आलेल्या या चित्रपटाच्या आरंभीच तुकाराम विठ्ठलाच्या ध्यानात गात असलेला दिसतो. मग तीच रचना सालोमालो आपल्या नावावर खपवताना दिसतो. कानाला फरक कळतोच : एकाचे गाणे साधे, दुसऱ्याचे नाटकी हरकतींनी लगडलेले. पण तो फरक डोळ्यांसाठीही रचलेला आहे. तुकाराम गाताना जवळजवळ निश्चल असतो. त्याची नजर समोर असूनही आतल्या बाजूला वळलेली असते. सालोमालोचे हात, मान, भुवया सतत श्रोत्यांकडे धावत असतात. एक देवाला पाहतो आहे आणि दुसरा आपण कसे दिसतो ते पाहतो आहे, हे काही मिनिटांत कळते.

समोरून घेतलेल्या दृश्यांचे कारण इथे सापडते. आपण देवळात जातो ते दर्शनाला : आपण देवाला पाहायचे आणि देवाने आपल्याला. मूर्ती समोरूनच पाहायची असते. दामले-फत्तेलालांनी तुकारामाचा चेहरा याच रीतीने मांडला. गीता कपूर यांनी या चित्रपटावर लिहिताना आणि कुमार शहानी यांनी प्रभातच्या संतपटांविषयी लिहिताना या मांडणीचा गांभीर्याने विचार केला. मराठीत मात्र ती चर्चा फारशी रुजली नाही.

पण हा चित्रपट केवळ दर्शनाचा असता तर तो एखाद्या छापील तसबिरीसारखा झाला असता. त्याला जमिनीवर ठेवते ती गौरीबाईंची जिजाई. तुकाराम जितका स्थिर, तितकी ती हलती. तिच्या हाताला सतत काही तरी काम आहे : चूल, मूल, म्हैस. तिचे वाकणे, उठणे, पदर खोचणे यात अभिनयाचा आविर्भाव नाही, कष्टाची लय आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती पायताण घेऊन थेट विठ्ठलासमोर जाते. ज्या गाभाऱ्याला आपण इतका वेळ भक्ताच्या डोळ्यांनी समोरून पाहत होतो, त्याच गाभाऱ्यात आता तिचा उगारलेला हात आहे. दर्शनाची चौकट तीच, पण तिच्यात संसार शिरला. भक्ती आणि भूक यांचे भांडण या दिग्दर्शकांनी वादसंवादांत जितके मांडले त्याहून अधिक देहांच्या हालचालीत मांडले.

चमत्कारांचेही असेच. प्रभातकडे त्या काळची सगळी हातचलाखी होती. एकच फिल्म पुन्हा मागे गुंडाळून तिच्यावर दुसरे दृश्य टिपायचे, भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून एका नटाचे दोन करायचे, कॅमेरा थांबवून वस्तू प्रकट करायची. सिनेमाच्या या युक्त्यांना नाटकाचा तो जुना रंगवलेला पडदाच उपयोगी पडतो, कारण कॅमेरा हा एकाच डोळ्याचा प्रेक्षक आहे. तो कायम मधल्या खुर्चीवर बसतो. एका ठराविक जागेवरून खरे वाटणारे चित्र त्याला खरेच वाटते. कीर्तनात बसलेल्या शिवाजी महाराजांना पकडायला शत्रूचे सैनिक येतात आणि त्यांना जिकडे-तिकडे शिवाजीच दिसू लागतात, तो प्रसंग पाहताना ही चलाखी आपण ओळखतो, आणि तरीही रंगून जातो.

शेवटी विमान येते. तुकाराम वैकुंठाला निघतो, जिजाईला बोलावतो, आणि ती स्वयंपाकात आहे. मुलांना जेवायला घालायचे आहे. ती बाहेर धावत येते तेव्हा विमान उचललेले असते. एका चित्रात दोन जगे आहेत : वर नाटकाच्या यंत्रासारखे, सजवलेले, जवळजवळ खेळण्यातले स्वर्गविमान, खाली धुरकट घर आणि चुलीवरून उठून आलेली बाई. कोणते जग अधिक खरे दिसते? दिग्दर्शकांनी स्वर्ग रंगवला पडद्यासारखा आणि घर बांधले भिंतीचे. बाबूराव पेंटरांपासून चालत आलेला रंगवलेल्या आणि बांधलेल्या जागेतला फरक इथे अर्थ होऊन येतो. आपण तुकारामाला नमस्कार करतो आणि मागे उरतो जिजाईजवळ.

व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली या चित्रपटाची विशेष दखल घेतली गेली. तिथल्या परीक्षकांना मराठी येत नव्हते, जिजाईच्या तोंडातली धार त्यांच्यापर्यंत पोचणे कठीण होते. त्यांच्यापर्यंत पोचले ते सूर आणि चित्र. आपल्याला भाषा येते, म्हणून कदाचित आपण चित्राकडे कमी पाहिले.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. वारकऱ्यांच्या तुकोबाला, त्याच्या देहूला आणि त्याच्या गाभाऱ्याला मराठी मनात आज जे रूप आहे, त्यात फार मोठा वाटा कागलच्या शेख फत्तेलाल यांच्या कलादृष्टीचा आहे. पेणचे दामले आणि कागलचे फत्तेलाल. एकाचे लक्ष ध्वनीवर, दुसऱ्याचे नेपथ्यावर. दोघांचे मिळून एक चित्र. याचा गाजावाजा त्यांनी कधी केला नाही.

उरले काय, पाहायचे कसे

भारतात तेराशेच्या वर मूकपट झाले. त्यांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत, अनेकांचे तर तुकडेच. मूळ मूक ‘सावकारी पाश’ आज पाहता येत नाही. बाबूरावांनी १९३६ साली त्याची बोलती आवृत्ती केली, पण ती अंधारातली झोपडी आपल्यापर्यंत येते ती दुसऱ्याच्या आठवणीतून. त्या काळची नायट्रेट फिल्म झपाट्याने पेटणारी आणि काळाबरोबर आपोआप कुजणारी होती. जुन्या प्रती चांदी काढून घेण्यासाठी वितळवल्याही गेल्या. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव हिंडून जे वाचवता आले ते वाचवले. तरी जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, प्रभातच्या जुन्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि पुष्कळ काही गेले.

गेलेल्याचा शोक एका मर्यादेपर्यंतच करता येतो. अधिक लाजिरवाणी गोष्ट ही, की जे शिल्लक आहे तेही आपण पाहत नाही. ‘संत तुकाराम’ आहे, ‘कुंकू’ आहे, ‘माणूस’ आहे, ‘संत ज्ञानेश्वर’ आहे. त्यांच्याकडे आपण आदराने पाठ करतो. वारसा म्हणून नाव घेतो, गाणी ऐकतो आणि पुढे जातो.

एक साधा प्रयोग करून पाहावा. ‘संत तुकाराम’ लावावा आणि दहा मिनिटे आवाज पूर्ण बंद करावा. अभंग नाहीत, भांडण नाही. सुरुवातीला चुकल्यासारखे होईल. मग हळूहळू डोळे कामाला लागतील. कोण कुठे उभे आहे, कोण उंबऱ्याच्या आत आहे, कोण बाहेर आहे, भिंतीवर सावली कुणाची पडते, चौकटीतली कोणती जागा रिकामी सोडली आहे, हे दिसू लागेल. नंतर आवाज पुन्हा सुरू करावा. अभंग तोच असेल, पण आता गाणाऱ्याच्या पाठीमागे चुलीशी वाकलेली बाईही दिसेल. ती पहिल्यापासून तिथेच होती.